असंभाव्य प्रश्न, विज्ञानातील

जी परिस्थिती प्रत्यक्षात कधीच उद्‌भवणार नाही, अथवा जी निर्माण करणे व्यवहारतः अशक्य आहे, ती क्षणभर खरी मानून तिच्यातून काय निष्पन्न होईल हे ज्ञात वैज्ञानिक नियमांच्या आधारे ठरविण्याची पद्धती. ‘पृथ्वीच्या आरपार बोगदा खणून त्यात दगड सोडला तर तो कोठे जाईल?’, ‘मनुष्य दसपट उंच झाला तर त्याला चालता येईल का?’, ‘सर्व माणसांनी एकाच वेळी उडी मारली तर पृथ्वी हलेल का?’ हे अशा प्रश्नांचे परिचित नमुने होत. प्रथमदर्शनी असे प्रश्न पोरकट वाटतात. तथापि त्यांचे उत्तर देण्यासाठी गुरुत्वाकर्षण, पदार्थांचे बल, ऊर्जेची अक्षय्यता यांसारख्या प्रस्थापित नियमांचाच आश्रय घ्यावा लागतो. प्रश्न कल्पित असला, तरी उत्तर कल्पित नसते, हे या पद्धतीचे मुख्य लक्षण होय. केवळ मनात रचलेल्या व तर्काने तडीस नेलेल्या प्रयोगाला ‘विचारप्रयोग’ म्हणतात. असंभाव्य प्रश्नांचे विवेचन हा त्याचाच एक प्रकार असून त्यात तर्काला बहुधा संख्यात्मक आकडेमोडीची जोड दिलेली असते. अद्‌भुतकथेतही असंभाव्य कल्पना असतात. पण तेथे कथेच्या सोयीनुसार निसर्गनियम वाकविता येतात. प्रस्तुत पद्धतीत तशी मुभा नसते.

इतिहास : विश्वाच्या कडेवर उभे राहून हात पुढे केला तर तो पलीकडे जाईल की अडेल, असा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञ आर्किटस (इ. स. पू. चौथे शतक) यांनी विचारला होता, असे परंपरा सांगते. तो पलीकडे गेला, तर ती कड नव्हे; अडला, तर अडविणारे काहीतरी पलीकडे आहे. अशा रीतीने विश्वाला सीमा मानण्यातील अडचण त्यांनी दाखवून दिली. उभे राहण्यास जागा व पुरेशी लांब तरफ मिळाल्यास पृथ्वीही हलविता येईल, हा आर्किमिडीज यांच्या नावावर सांगितला जाणारा दावा याच जातीचा आहे.

या पद्धतीचा आधुनिक भौतिकीत पद्धतशीर उपयोग गॅलिलीओ गॅलिली यांच्यापासून सुरू झाला. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा जलद पडते, हे ॲरिस्टॉटल यांचे मत त्यांनी एका कल्पित प्रयोगाने खोडून काढले. जड व हलका असे दोन दगड दोरीने एकत्र बांधले, तर हलका दगड जडाला मागे ओढील व जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडेल. पण जोडीचे एकूण वजन जड दगडाहूनही अधिक असल्याने ती अधिक जलदही पडावयास हवी. एकाच गृहीतकातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघत असल्याने ते गृहीतकच चुकीचे ठरते. हे विवेचन १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन नव्या विज्ञानशाखांवरील संवादग्रंथात आहे. पुढे २ ऑगस्ट १९७१ रोजी ‘अपोलो–१५’ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या निर्वात पृष्ठभागावर हातोडी व पीस एकाच वेळी सोडले, तेव्हा ती दोन्ही बरोबरच खाली पोहोचली.

आयझॅक न्यूटन यांनी अतिउंच पर्वताच्या शिखरावरून आडवा तोफगोळा डागण्याची कल्पना मांडली. हे विवेचन त्यांच्या निधनानंतर १७२८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. गोळ्याचा वेग वाढवीत गेल्यास तो अधिकाधिक दूर पडेल आणि शेवटी अशी वेळ येईल, की तो जितका खाली येईल तितकाच पृथ्वीचा पृष्ठभागही वळलेला असेल. म्हणजे गोळा कधीच जमिनीवर न पडता पृथ्वीभोवती फिरत राहील. हवेचा विरोध दुर्लक्षित केल्यास पृष्ठभागालगत यासाठी दर सेकंदास सु. ७·९ किमी. वेग लागतो. असा पर्वतही नाही आणि अशी तोफही नाही. परंतु चंद्र पृथ्वीवर का पडत नाही, याचे उत्तर या अशक्य तोफेने दिले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेला ‘स्पुटनिक–१’ हा पहिला कृत्रिम उपग्रह याच तत्त्वानुसार पृथ्वीभोवती फिरला.

फ्रेंच कादंबरीकार झ्यूल व्हेर्न यांनी १८६५ मधील आपल्या कादंबरीत सु. २७४ मी. (९०० फुट) लांबीच्या तोफेतून माणसे चंद्राकडे पाठविली. ही कल्पना आकडेमोडीने तपासता येते. पृथ्वीचे आकर्षण ओलांडण्यासाठी दर सेकंदास सु. ११·२ किमी. वेग लागतो. तो एवढ्या लांबीत गाठावयाचा, तर प्रवेग पृथ्वीच्या गुरुत्वीय प्रवेगाच्या किमान २३,००० पट असावा लागेल आणि प्रवासी तोफेच्या नळीतच चिरडून जातील. तोफेने एका क्षणी दिलेला वेग नव्हे, तर दीर्घकाळ हळूहळू वाढत जाणारा वेग आवश्यक आहे, हा यातून मिळणारा धडा होय. रॉकेटने अवकाशप्रवास शक्य असल्याचे गणिती विवेचन रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटीन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले.

‘रात्री आकाश काळे का दिसते?’ हा प्रश्नही वरकरणी निरर्थक वाटतो. योहानेस केप्लर यांनी १६१० मध्ये व हाइन्‍रिख ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये त्याचा विचार केला. विश्व अनंत, अनादी व ताऱ्यांनी सर्वत्र सारखे भरलेले असेल, तर कोणत्याही दिशेने पाहिले तरी दृष्टिरेषा अखेर एखाद्या ताऱ्यावरच पडेल आणि संपूर्ण आकाश सूर्यबिंबाइतके तेजस्वी दिसेल. तसे ते दिसत नाही. विश्वाचे वय मर्यादित (सु. १,३८० कोटी वर्षे) असून फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अद्याप येथे पोहोचलेला नाही, हे याचे प्रमुख कारण होय. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या प्रकाशाची ऊर्जा घटते, हे दुसरे कारण होय.

पद्धती : असंभाव्य प्रश्नाचे विवेचन फलद्रूप होण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले व सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे, की अशक्य गोष्ट एकच मानावी व अन्य सर्व नियम काटेकोरपणे लागू करावेत. अनेक गोष्टी एकदम अशक्य मानल्यास कोणत्या गृहीतकामुळे कोणता परिणाम झाला, हे सांगता येत नाही. दुसरे असे, की प्रथम अक्षय्यतेचे नियम (ऊर्जा, संवेग व कोनीय संवेग) लावून पाहावेत. कारण तपशील माहीत नसतानाही ते बरेच काही सांगतात. तिसरे असे, की एखादी राशी अत्यंत मोठी अथवा अत्यंत लहान केल्यास काय होते, हे पाहावे. नेहमीच्या प्रमाणात झाकलेला परिणाम अशा टोकाच्या स्थितीत उघड होतो. चौथे असे, की अचूक आकड्याच्या मागे न लागता उत्तर दहांत, हजारांत की कोटींत आहे, एवढे आधी ठरवावे.

या शेवटच्या कौशल्यासाठी इटालियन-अमेरिकन भौतिकीविज्ञ एन्‍रीको फेर्मी विशेष प्रसिद्ध होते. शिकागो शहरात पियानो जुळविणारे कारागीर किती असतील, यासारखे प्रश्न ते विद्यार्थ्यांना घालीत. लोकसंख्या, दर किती कुटुंबांमागे एक पियानो, तो वर्षातून किती वेळा जुळवावा लागतो व एक कारागीर दिवसाला किती पियानो जुळवितो, असे टप्पे पाडले म्हणजे जवळपासचे उत्तर मिळते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तेव्हा स्फोटस्थानापासून सु. १६ किमी. अंतरावर उभ्या असलेल्या फेर्मी यांनी आघात-तरंग येताना कागदाचे कपटे हातातून सोडले. ते सु. अडीच मीटर सरकले. तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाची शक्ती १०,००० टन टीएनटीएवढी असल्याचा अंदाज केला. पुढील मोजणीत ती सु. २१,००० टन व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्मोजणीत सु. २५,००० टन ठरली. म्हणजे कागदाच्या कपट्यांनी दिलेले उत्तर योग्य पातळीवरचे होते.

आर्किमिडीज यांच्या तरफेलाही हीच रीत लावता येते. पृथ्वीचे द्रव्यमान साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या सु. १ वर २३ शून्ये एवढ्या पट आहे. तेवढे द्रव्यमान पृष्ठभागावरील वजनाप्रमाणे मानून तरफेने केवळ एक सेंमी. उचलावयाचे झाल्यास तरफेचे दुसरे टोक तितक्याच पट अंतर, म्हणजे सु. एक लाख प्रकाशवर्षे, खाली न्यावे लागेल. हे अंतर आपल्या आकाशगंगेच्या व्यासाएवढे आहे. तरफेचा नियम खोटा ठरत नाही. बलात जितका लाभ होतो तितकीच हानी अंतरात सोसावी लागते, हे त्या नियमाचे दुसरे अंग मात्र या प्रश्नाने डोळ्यांत भरते.

काही उदाहरणे : (१) पृथ्वीच्या आरपार बोगदा : पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी मानल्यास बोगद्यातील दगडावरील आकर्षण केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात कमी होत जाते; कारण दगडाच्या बाहेरील कवचांचे आकर्षण सर्व दिशांनी परस्परांना रद्द करते. अशा बलाखाली दगड लंबकाप्रमाणे सरल हरात्मक गतीने मागेपुढे होत राहील. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्यास त्याला सु. ४२ मिनिटे लागतील व केंद्रापाशी त्याचा वेग दर सेकंदास ७·९ किमी. होईल. हा वेग न्यूटन यांच्या तोफगोळ्याच्या वेगाएवढाच आहे, हा योगायोग नव्हे. दोन्ही गतींच्या मुळाशी एकच बल व एकच त्रिज्या आहे. बोगदा केंद्रातून न नेता कोणत्याही दोन शहरांमध्ये सरळ खणला, तरी घर्षण नसल्यास प्रवासाचा काळ ४२ मिनिटेच राहतो. प्रत्यक्षात पृथ्वीचा गाभा अधिक घन असल्याने आकर्षण आरंभी फारसे घटत नाही. भूकंपतरंगांवरून काढलेली घनता वापरून २०१५ मध्ये केलेल्या गणितानुसार हा काळ सु. ३८ मिनिटे येतो.

आता बोगद्याखेरीज अन्य सर्व गोष्टी खऱ्या मानल्या, तर पृथ्वीविषयी बरीच माहिती मिळते. विषुववृत्तावर सोडलेल्या दगडाला पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे पूर्वेकडे दर सेकंदास सु. ४६५ मी. वेग असतो व खोलवरील भिंतींना तो कमी असतो. त्यामुळे दगड भिंतीवर आदळेल. हे टाळण्यासाठी बोगदा ध्रुवापासून ध्रुवापर्यंत हवा. बोगद्यात हवा असल्यास तिचा दाब खोलीबरोबर इतक्या झपाट्याने वाढेल, की आदर्श वायूच्या नियमानुसार व तापमान कायम मानल्यास ६० किमी. च्या आतच तिची घनता पाण्याएवढी होईल. पृथ्वीच्या केंद्रापाशी तापमान ५,००० अंश से. हून अधिक व दाब वातावरणीय दाबाच्या सु. ३६ लाख पट असतो. त्यामुळे कोणत्याही ज्ञात पदार्थाच्या भिंती तेथे टिकणार नाहीत. मानवाने खणलेल्या छिद्रांपैकी रशियातील कोला द्वीपकल्पावरील छिद्र १९८९ मध्ये १२,२६२ मी. खोलीपर्यंत गेले. हे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या पाचशेव्या भागाएवढे आहे. पायाखाली थेट अमेरिका आहे, अशी एक लौकिक समजूत आढळते. परंतु मुंबईतून केंद्रामार्गे जाणारा बोगदा सु. १९ अंश दक्षिण अक्षांश व १०७ अंश पश्चिम रेखांश येथे, दक्षिण पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेस बाहेर पडेल.

(२) सर्व मानवजातीची उडी : जगाची लोकसंख्या ८०० कोटी व माणसाचे सरासरी वजन ६० किग्रॅ. मानू. दर चौरस मीटरला चार माणसे उभी केल्यास सर्वांना २,००० चौ. किमी. जागा पुरेल, ही जागा गोवा राज्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून थोडीच अधिक आहे. सर्वांनी एकाच वेळी ३० सेंमी. उंच उडी मारली, तर संवेगाच्या अक्षय्यतेमुळे पृथ्वी उलट दिशेने सरकेल. पण तिचे द्रव्यमान मानवजातीच्या बारा लाख कोटी पटींहून अधिक असल्याने हे सरकणे एखाद्या जड अणूच्या केंद्राच्या व्यासाच्या एक-दोन पटींएवढेच असेल. माणसे खाली येताच पृथ्वीही पूर्वस्थानी येईल. या उडीतील एकूण ऊर्जा सु. ३४० टन टीएनटीच्या स्फोटाएवढी असेल. तुलनेसाठी, ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर येथे झालेल्या सु. ६·३ महत्तेच्या भूकंपात भूकंपतरंगांच्या रूपाने बाहेर पडलेली ऊर्जा याच्या शंभरपटींहून अधिक होती. मानवजातीची संख्या व पृथ्वीचे आकारमान यांतील अंतर या आकड्यांवरून जितके स्पष्ट होते, तितके केवळ वर्णनाने होत नाही.

(३) राक्षसाचे शरीर : पुराणांतील कुंभकर्णासारखा मनुष्याच्या दसपट उंच, पण त्याच ठेवणीचा राक्षस कल्पिल्यास त्याची लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही दसपट होतात. साहजिकच वजन हजारपट होते. वजन पेलणाऱ्या हाडांचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. म्हणून हाडांच्या दर चौरस सेंमी. वर दसपट भार येतो व पहिल्याच पावलाला मांडीचे हाड मोडण्याचा संभव असतो. हा विचार गॅलिलीओ यांच्या १६३८ मधील ग्रंथात असून मोठ्या प्राण्याचे हाड लांबीच्या मानाने किती अधिक जाड असावे लागेल, हे त्यांनी आकृती काढून दाखविले आहे. हत्तीचे पाय खांबासारखे व हरणाचे काडीसारखे का असतात, याचे हे स्पष्टीकरण होय. देवमाशाचे वजन पाणी पेलते. त्यामुळे त्याला ही मर्यादा जाचत नाही.

ब्रिटिश जीववैज्ञानिक जे. बी. एस्. हॉल्डेन यांनी १९२६ मध्ये प्राण्यांच्या योग्य आकारमानावर लिहिलेला निबंध या विषयावरील आदर्श लेखन मानला जातो. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. लहान प्राण्याच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते. म्हणून हवेचा विरोध त्याला सांभाळतो. त्यामुळे खोल खाणीत पडलेला उंदीर बहुधा वाचतो. माणूस वाचत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अन्नाच्या बाबतीतही हेच गणित उपयोगी पडते. जॉनथन स्विफ्ट यांच्या १७२६ मधील कादंबरीत लिलिपुटचे गणिती गलिव्हर बारापट उंच आहे, हे पाहून त्याला आपल्या १,७२८ माणसांचे अन्न मंजूर करतात. म्हणजे अन्नाची गरज वजनाच्या प्रमाणात वाढते, असे ते मानतात. स्विस-अमेरिकन शास्त्रज्ञ माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखविल्यानुसार सस्तन प्राण्यांचा चयापचय वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने गलिव्हरला सु. २७० जणांचे अन्न पुरले असते.

सैद्धांतिक महत्त्व : काही असंभाव्य प्रश्नांनी विज्ञानात नव्या शाखांचा पाया घातला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एका पत्रात व १८७१ मध्ये उष्णतेवरील आपल्या ग्रंथात एक सूक्ष्म व चतुर जीव कल्पिला. वायूने भरलेल्या दोन कप्प्यांमधील झडपेपाशी बसून तो जलद रेणू एका बाजूस व मंद रेणू दुसऱ्या बाजूस जाऊ देतो. असे झाल्यास कार्य न करताच एक कप्पा तापेल व दुसरा थंड होईल, म्हणजे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडेल. ‘मॅक्सवेल यांचा दैत्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कल्पनेचे उत्तर मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. लेओ झिलार्ड यांनी १९२९ मध्ये या जीवाला लागणाऱ्या माहितीकडे लक्ष वेधले. रोल्फ लँडॉवर यांनी १९६१ मध्ये असे दाखविले, की साठविलेली माहिती पुसण्यासाठी किमान ठराविक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमवावी लागते. दैत्याची स्मृती मर्यादित असल्याने ती त्याला केव्हातरी पुसावीच लागेल आणि तेव्हा नियमाची भरपाई होईल, हे चार्ल्स बेनेट यांनी १९८२ मध्ये स्पष्ट केले. नेहमीच्या तापमानाला ही ऊर्जा माहितीच्या दर एककामागे एक जूलच्या सु. तीन अब्ज-अब्जांश-सहस्रांश भागाएवढी अल्प असते. तरी २०१२ मध्ये प्रयोगाने तिचा पडताळा आला. गणकयंत्रे किती कमी ऊर्जेवर चालू शकतील याची तात्त्विक सीमा अशा रीतीने एका काल्पनिक दैत्याने आखून दिली.

प्रकाशकिरणाच्या मागे प्रकाशाच्याच वेगाने धावल्यास काय दिसेल, हा प्रश्न ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांना वयाच्या सोळाव्या वर्षी पडला होता, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. जागच्या जागी गोठलेला तरंग दिसावा, असे साधा तर्क सांगतो. पण मॅक्सवेल यांच्या समीकरणांत अशा तरंगाला स्थान नाही. या विसंगतीचा शेवट १९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतात झाला. आइन्स्टाइन, पडोल्स्की व रोझेन यांनी १९३५ मध्ये पुंजयामिकी अपुरी आहे, हे दाखविण्यासाठी दूरस्थ कणांच्या जोडीचा विचारप्रयोग रचला. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये त्याला मोजता येण्याजोगे रूप दिले आणि पुढील प्रयोगांनी पुंजयामिकीच्याच बाजूने कौल दिला. या कार्यासाठी ॲलँ ॲस्पे, जॉन क्लाउझर व आंटोन त्सायलिंगर यांना २०२२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वातील इतर सर्व द्रव्य नाहीसे झाले, तर उरलेल्या एकमेव वस्तूला निरूढी (जडत्व) राहील का, हा एर्न्‌स्ट माख यांच्या विचारांतून उद्‌भवलेला प्रश्नही असाच फलदायी ठरला. वस्तूचे द्रव्यमान विश्वातील अन्य द्रव्यावर अवलंबून असते, असे मानणारा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत फ्रेड हॉईल व जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये मांडला.

व्यावहारिक महत्त्व : एखाद्या असंभाव्य प्रश्नाच्या उत्तरावर सर्वांचे अस्तित्व अवलंबून असू शकते. १९४२ च्या उन्हाळ्यात बर्कली येथे अणुबाँबविषयक चर्चा चालू असताना एडवर्ड टेलर यांनी अशी शंका काढली, की स्फोटातील प्रचंड तापमानाने हवेतील नायट्रोजनाच्या अणुकेंद्रांचा संयोग सुरू होऊन सर्व वातावरणच पेट घेईल काय? हान्स बेथे यांच्या गणिताने हे घडणे अशक्यप्राय ठरविले. विषयाचे सविस्तर विवेचन एमिल कोनोपिन्स्की, क्लॉइड मार्व्हिन व टेलर यांच्या १९४६ मधील अहवालात आहे. दोन नायट्रोजन केंद्रांच्या संयोगातून मॅग्नेशियम व हीलियम निर्माण होऊन ऊर्जा मुक्त होते. परंतु तापलेले इलेक्ट्रॉन प्रारणाच्या रूपाने त्याहून अधिक ऊर्जा गमावतात. त्यामुळे आग पसरण्याऐवजी विझते. संयोग घडण्याची शक्यता तेव्हा मोजलेली नव्हती. म्हणून लेखकांनी तिचे मूल्य अंदाजाने मधले न घेता जास्तीत जास्त धोकादायक गृहीत धरले व तरीही उत्तर नकारार्थी येते, हे दाखविले. असे असूनही पुरेशा प्रायोगिक आधाराअभावी विषयाचे अधिक संशोधन व्हावे, अशी शिफारस त्यांनी अखेरीस केली.

याच्या उलट उदाहरण १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर घेतलेल्या ‘कॅसल ब्राव्हो’ या हायड्रोजन बाँबच्या चाचणीचे आहे. अपेक्षित शक्ती सु. ६० लाख टन टीएनटीएवढी होती. प्रत्यक्षात ती सु. १५० लाख टन निघाली. इंधनातील लिथियम–७ हा समस्थानिक विक्रियेत विशेष भाग घेणार नाही, असे मानले गेले होते व ते चूक ठरले. किरणोत्सर्गी धुळीची बाधा राँगेलॅप येथील रहिवाशांना व एका जपानी मासेमारी नौकेवरील खलाशांना झाली. या दोन गणितांतील फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात अज्ञात राशी निष्कर्षाला सर्वाधिक प्रतिकूल घेतली होती. दुसऱ्यात ती अनुकूल मानून विचारातून वगळली गेली. ज्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराचे परिणाम सुधारता येणार नाहीत, तेथे पहिलाच मार्ग ग्राह्य होय.

सप्टेंबर २००८ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेचा प्रचंड कणवेगवर्धक सुरू होण्याच्या सुमारास, त्यात सूक्ष्म कृष्णविवरे निर्माण होऊन ती पृथ्वी गिळून टाकतील, अशी भीती व्यक्त झाली. तज्ञांच्या गटाने निसर्गातच चालू असलेल्या प्रयोगाकडे बोट दाखविले. विश्वकिरणांतील कण या यंत्रातील टकरींपेक्षाही अधिक ऊर्जेने कोट्यवधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत व पृथ्वी शाबूत आहे. मात्र विश्वकिरणांनी निर्माण झालेली विवरे अतिवेगाने पृथ्वीबाहेर निघून जातील आणि यंत्रातील विवरे येथेच रेंगाळू शकतील, असा आक्षेप यावर संभवतो. तोही विचारात घेण्यात आला. अशा वेगवान विवरांनाही थोपवू शकतील इतके घन असलेले श्वेत लघुतारे व न्यूट्रॉन तारे दीर्घकाळ टिकून आहेत, हे त्यावरील उत्तर होय.

मर्यादा : प्रत्येक असंभाव्य प्रश्नाला उत्तर असतेच, असे नाही. ज्या नियमाच्या आधारे उत्तर द्यावयाचे, तोच नियम प्रश्नाने मोडला असेल, तर प्रश्न निरर्थक ठरतो. ‘सूर्य एकाएकी नाहीसा झाला तर पृथ्वीला ते केव्हा कळेल?’ हा प्रश्न याचे चांगले उदाहरण आहे. प्रकाशाला येथे पोहोचण्यास सु. ८ मिनिटे २० सेकंद लागतात व गुरुत्वाकर्षणातील बदलही त्याच वेगाने पसरतो. म्हणून तेवढ्या वेळानंतर, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. परंतु व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या समीकरणांतच ऊर्जा व संवेग यांची अक्षय्यता अंतर्भूत असल्याने द्रव्य कोठेही न जाता नाहीसे होणे त्या समीकरणांना मान्य नाही. सूर्याचे द्रव्य स्फोटाने विखुरले असे मानले, तर मात्र प्रश्न अर्थपूर्ण होतो. दुसरी मर्यादा अशी, की ज्ञात नियम ज्या कक्षेत तपासले गेले आहेत, तिच्या बाहेर ते ताणल्यास उत्तर गणिताने बरोबर व वस्तुस्थितीने चूक येऊ शकते. बोगद्यातील हवेला आदर्श वायूचा नियम लावताना हीच सावधगिरी बाळगावी लागते. कारण पाण्याएवढी दाट झालेली हवा तो नियम पाळीत नाही.

विज्ञानप्रसार : रशियन लेखक याकव्ह पेरेलमान यांचे मनोरंजक भौतिकीवरील पुस्तक १९१३ मध्ये निघाले. जॉर्ज गॅमो यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात प्रकाशाचा वेग सायकलच्या वेगाच्या जवळपास आणून सापेक्षतेचे परिणाम रस्त्यावर दाखविले. नासामध्ये पूर्वी काम केलेले अमेरिकन व्यंग्यचित्रकार रँडल मन्‍रो यांनी वाचकांच्या विक्षिप्त प्रश्नांना दिलेल्या वैज्ञानिक उत्तरांचा संग्रह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा लेखनाने वाचकाचे मनोरंजन होते; शिवाय एखादे विधान ऐकताच ‘किती?’, ‘कशाच्या तुलनेत?’ व ‘कोणत्या गृहीतकावर?’ असे विचारण्याची सवय त्याला लागते. अवाजवी भीती व अवाजवी आश्वासन या दोहोंची पारख करण्यास हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात.